आत्या दाराबाहेर गेली होती

आमच्या आत्याने ऐन विशीत एका मूकपटात नायिकेचं काम केलं. तो मूकपट आगीत जळाला, एकही प्रत उरली नाही. पुढे त्याच गोष्टीचा बोलपट निघाला. आत्याचा आवाज घोगरा, म्हणून नायिका दुसरीच घेतली. ती शेवटी नवऱ्याचे पाय धरून रडते, चांगली पाच मिनिटं.

"मी नव्हते पाय धरले. मी दार उघडून निघून गेले होते," आत्या सांगायची.

"ताई, पुरे आता. सगळ्यांनी पाहिलाय शेवट," बाबा छातीठोकपणे म्हणायचे. मूकपट आला तेव्हा स्वारी रांगत होती! मीही हसायचे, खोटं कशाला बोलू. पण हल्ली आत्याच म्हणायला लागली होती, "असेल बाई, मलाच भ्रम झाला असेल." ते मात्र माझ्या जिव्हारी लागलं.

परवा तिच्या बुटाची टाच बसवायला गेले. दुकानातले आजोबा ऐंशी ओलांडलेले, तोंडात खिळे धरून बोलणारे. बूट कोणाचे म्हणून त्यांनी विचारलं. मी आत्याचं नाव सांगितलं, मूकपटाचंही. त्यांनी खिळे काढून हातात घेतले.

"चारदा पाहिलाय मी तो. नुकताच धंद्याला बसलो होतो, पडद्यावर तोंडं कुठली बघतोय, बूटच बघायचो. शेवटी बाई उंबरा ओलांडून जातात, नुसते पाय दिसतात. आणि दोन्ही बूट डाव्या पायाचे! ओरडून सांगावंसं वाटायचं."

मी घरी धावत जाऊन सांगितलं. आत्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अगं, दोन जोड होते, घाईत दोन्ही डावे चढवले. रीळ संपत आलेलं, थांबायची सोय नव्हती. लाजेपोटी कुण्णाला बोलले नव्हते गं मी!"

बाबा उठून तिच्याजवळ बसले. "चुकलो, ताई," म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः माझ्याबरोबर दुकानात आली. तिने आजोबांचे काळे पडलेले हात घट्ट धरले.

"फार उपकार झाले हो तुमचे. माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता."

आजोबा अवघडले. हळूच म्हणाले, "चावले असतील फार."

"चावले की," आत्या म्हणाली, "पण मागे नाही फिरले."