तळ्यातल्या माशांना मराठी कळत नाही

मित्रांनो, मी एक जुनी गॅसबत्ती आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. पोटात रॉकेल, वर काच, काचेच्या आत रेशमी जाळी, आणि पेटले की रात्रभर स्स्स करत राहायचं, हा माझा स्वभाव. मला कुणी कंदील म्हटलेलं खपत नाही. कंदिलाच्या उजेडात माणूस चाचपडतो, माझ्या उजेडात सुईत दोरा ओवतो. कंदील कुठे आणि मी कुठे!

माझं बालपण तंजावरला गेलं. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत व्यंकोजी नावाच्या माणसाचं दुकान होतं, तो आम्हा बत्त्यांना भाड्यानं द्यायचा. लग्नाच्या वरातीत मी लोकांच्या डोक्यावरून मिरवले. देवाच्या पालखीपुढे चालले. पोरं माझ्याकडे बघून डोळे मिटून घ्यायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग वरातींना जनरेटर आले आणि आमचं कुणी नाव घेईना. व्यंकोजीनं मला तांदळाच्या पोत्यांमागे टाकलं. जाता येता म्हणायचा, "आतां तुला कोण विचारतो, बये?" मला असा राग यायचा! पण रॉकेलाशिवाय राग काढायचा तरी कसा?

तिथून मला वेंकटरावांनी उचललं. ते पापनाशमजवळच्या एका गावचे, तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला. नुकतंच लग्न झालेलं. बायको जयलक्ष्मी, आमच्याच गल्लीतली मुलगी. त्या गल्लीत घरोघर मराठी बोललं जायचं. वेंकटरावांच्या गावात मात्र त्यांचं एकच घर मराठी, आणि त्या घरातही सासू, नणंदा, शेजारणी असा गोतावळा जमला की सगळं तमिळमधूनच चालायचं. नवी नवरी चुलीपाशी मुकी होऊन बसायची. तिला तमिळ येत होतं हो, चांगलं येत होतं. पण माणसाला आपल्या बोलीत रडता यावं लागतं.

गावामागे मोठं तळं होतं. कावेरीच्या कालव्याचं पाणी तिथं साठायचं, काठावर नारळ, पलीकडे भातशेती. वेंकटरावांची एक लहानशी फळ्यांची होडी होती. अमावास्येच्या आसपास ते रात्री गळ टाकायला जायचे, आणि त्यासाठीच त्यांनी मला विकत घेतलं. पहिल्याच रात्री ते जयलक्ष्मीला म्हणाले, "चल, बत्ती धरायला कोणी तरी हवं." सासूनं कपाळाला आठ्या घातल्या, पण मासे कुणाला नको असतात?

त्या रात्री होडीत बसल्यावर जयलक्ष्मी तमिळमध्ये काहीतरी बोलली, तर वेंकटरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! माझे अप्पा सांगत, ह्या तळ्यांतले मासे तमिळ जाणतात. ऐकलं की पळतात. होडींत फक्त मराठी बोलायचं."

"आणि मराठी?"

"मराठी त्यांना कोण शिकवणार?"

जयलक्ष्मी इतकी हसली की होडी डुलली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच मोकळी हसली असणार, असं मला वाटतं. मी तर लागलीच ठरवून टाकलं, ही माझी माणसं.

आमचं काम कसं चालायचं ते सांगते. जयलक्ष्मी माझ्या वाटीत स्पिरिट ओतून मला ऊब द्यायची, मग पंप मारायची. तिनं पंप मारला की माझी जाळी एकदम पांढरीशुभ्र पेटायची. वेंकटरावांनी मारला की मी मुद्दाम भडकायचे, काजळी धरायचे. "हिला तुझाच हात लागतो," ते म्हणायचे. मग मला बांबूला अडकवून पाण्यावर धरायचं. माझ्यावर किडे झेपावायचे आणि पाण्यात पडायचे. ते खायला बोटाएवढी पिल्लं जमायची, आणि त्या पिल्लांसाठी मोठे मासे यायचे. पण शहाणे मासे उजेडात येत नाहीत, मित्रांनो. माझा उजेड जिथं संपतो, तिथं अंधाराला पाठ लावून ते थांबतात. म्हणून गळ तिथंच टाकायचा. मोरपिसाच्या देठाचा पांढरा तरंगता तुकडा गळाच्या दोरीला बांधलेला असायचा. तो हळूच एका बाजूला कलला की समजायचं, जिलेबी लागली. खायची नव्हे हो! आमच्याकडे एका चपट्या माशालाच जिलेबी म्हणतात.

मासा लागेपर्यंत फक्त बसून राहायचं. माझी स्स्स इतकी मोठी, की बोलायचं तर दोघांना एकमेकांच्या कानाशी यावं लागे. घरात जे बोलता येत नसे ते सगळं ती दोघं तिथं बोलत. सासूचा टोमणा, माहेरची आठवण, पहिलं मूल पोटातच गेलं ते दुःख, मग मुरलीकृष्ण झाला तो आनंद. तो कॉलेजात गेला, बँकेत लागला, तमिळ घरची गुणी सून आली, नात झाली नित्या. सगळं मी ऐकलं. सकाळी होडी काठाला लागली की दोघं पुन्हा तमिळ बोलू लागत. वर्षानुवर्षं असंच चाललं. मला वाटायचं, असंच चालणार.

पण माझंच वय झालं होतं. पंपाचं चामडं आटलं, दहा वेळा मारावा तेव्हा हवा धरायचे. जयलक्ष्मीचा उजवा खांदा दुखू लागला. ती बोलून दाखवायची नाही. पण वेंकटरावांनी ते पाहिलं असणार, कारण एका संध्याकाळी ते कुंभकोणमहून एक चपटा, बॅटरीचा, पांढरा दिवा घेऊन आले.

"हे बघ," ते म्हणाले, "बटण दाबलं की झालं. पंप नको, काजळी नको."

जयलक्ष्मीनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आतां मी कशाला?" तिनं विचारलं.

वेंकटराव हसले. नुसते हसले. तिथंच चुकलं. अहो, खांदा दुखतो ना तुझा, म्हणून आणला, एवढं एक वाक्य पुरलं असतं! पण ते वाक्य होडीतलं होतं आणि दोघं उभी होती घरात.

मी त्या रात्री खुंटीवरच राहिले. पुढचं मला फार उशिरा कळलं. जयलक्ष्मी गेली होडीत, पण रात्रभर तिनं ब्र काढला नाही. नवा दिवा मुका, त्यामुळे तिचं न बोलणं आणखी मोठं झालं. वेंकटराव दोन तीनदा काही म्हणाले, ती पाण्याकडे बघत बसली. परत येताना एकही मासा नव्हता. तिला वाटलं, रुसवा आहे, पुढच्या खेपेला काढू. त्याच आठवड्यात वेंकटराव गिरणीतून येताना रस्त्यात कोसळले आणि उठलेच नाहीत.

मुरलीकृष्णानं मला परणावर, म्हणजे माळ्यावर टाकलं. जुन्या हंड्याशेजारी मी धूळ खात पडले. खालून मला घर ऐकू यायचं. सगळे तमिळमध्ये बोलायचे, जयलक्ष्मीसुद्धा. मराठी बोलायला तिला आता कुणी उरलं नव्हतं. मुरलीकृष्णाला येत होतं, पण तो उत्तर तमिळमध्येच द्यायचा. नित्याला कळायचं सगळं, जीभ मात्र वळायची नाही.

एक दिवस जयलक्ष्मीनं मुलाला म्हटलं, "मुरली, मला एकदां तळ्यावर ने. रात्रीं. ती जुनी बत्ती घेऊन."

"अम्मा, गुडघे बघ तुझे. ही अमावास्या जाऊ दे," तो तमिळमध्येच म्हणाला.

ती अमावास्या गेली. मग पाणी फार होतं. मग बँकेत तपासणी होती. मग होडीची फळी कुजली होती. मुरलीकृष्ण वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो. आईला रात्री पाण्यावर न्यायची त्याला भीती वाटायची. पण भीती वाटते असं सांगायचं सोडून तो पुढची तारीख सांगायचा. आज नाही, उद्या. आणि जयलक्ष्मी "बरं" म्हणायची. ते "बरं" ऐकून माळ्यावर माझा संताप संताप व्हायचा.

शेवटी नित्यानं मला खाली काढलं. कॉलेजला सुट्टी होती. तिनं पंपाला नवं चामडं बसवून आणलं, कुठूनशी एक जाळी मिळवली. दुकानदार म्हणाला म्हणे, ही शेवटची, आता येत नाहीत. जयलक्ष्मीनं मला मांडीवर घेतलं आणि चिंचेनं माझी पितळी टाकी घासली. किती वर्षांनी तिचा हात लागला! मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

"लावून बघूं कां, आज्जी?" नित्यानं मोठ्या कष्टानं मराठीत विचारलं.

"नको ग. जाळी एकदां जळली की तिची राख होते. राखच उजेड देते, पण धक्का लागला की ढासळते. एकच जाळी आहे. तळ्यावरच लावूं."

मग घासता घासता तिनं नातीला नव्या दिव्याच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली, आणि मलाही तेव्हाच कळली.

"काय सांगायचंय तुला आजोबांना?" हे नित्यानं तमिळमध्ये विचारलं.

"फार नाहीं. तुमचा दिवा चांगला होता. माझा खांदा खरोखरच दुखत होता. एवढंच."

"मग इथंच सांग ना. ऐकतील ते."

जयलक्ष्मीनं मान हलवली. "इथं? इथं आम्ही कधीं बोललोंच नाहीं."

नित्या बापाशी भांडली. चांगली कडाडून भांडली. होडी दुरुस्त झाली, येत्या अमावास्येला जायचं नक्की झालं. माझ्या पोटात रॉकेल भरलं गेलं. मी खुंटीवर दिवस मोजत होते, आणि खाटेवर जयलक्ष्मी. पण अमावास्येआधीच तिला ताप भरला. इस्पितळात नेलं तेव्हा तिनं दारातून वळून माझ्याकडे पाहिलं. ती परत आली नाही.

तेरावा झाल्यावर एका काळोख्या रात्री मुरलीकृष्ण आणि नित्या मला घेऊन तळ्यावर गेले. वल्हं मुरलीकृष्णाच्या हाती होतं. नित्यानं वाटीत स्पिरिट ओतलं, आजीनं शिकवलं तसंच, आणि पंप मारला. खोटं सांगत नाही, मला भडकायचं होतं. कशाला आता, असं ओरडायचं होतं. पण पोरगी अगदी आजीसारखाच पंप मारत होती. मी निमूट पेटले.

किडे आले, पिल्लं आली, मुरलीकृष्णानं उजेडाच्या कडेला गळ टाकला. तो तमिळमध्ये काहीतरी बोलू लागला, तशी नित्या म्हणाली, "श्श, अप्पा. मासे ऐकतात."

त्यानं वल्हं आडवं ठेवलं. नित्या माझा उजेड संपतो तिकडे तोंड करून म्हणाली, "आजोबा, आज्जीनं सांगितलंय. तुमचा दिवा चांगला होता. तिचा खांदा..." पुढे तिला येईना. एका शब्दासाठी ती अडली आणि रडू लागली.

मग मुरलीकृष्ण बोलला. कित्येक वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढं मराठी ऐकलं नव्हतं. "खांदा खरोखरच दुखत होता, अप्पा. ती स्वतः सांगणार होती. मीं आणलं नाहीं तिला. ती रोज म्हणाली, मीं रोज उद्यां म्हणालों."

मोरपिसाचा तुकडा कलला, पाण्याखाली गेला. गळाची काठी कुणी उचलली नाही. माझी स्स्स मोठी, म्हणून ती दोघं एकमेकांजवळ सरकून बसली होती.

काठाला लागताना होडीला धक्का बसला आणि माझी जाळी ढासळली. आता मी पुन्हा खुंटीवर आहे. मला घासून पुसून ठेवा, असं सांगायला हवं, पण ते राहू द्या. माझ्यासाठी दुसरी जाळी कधीतरी, कुठेतरी सापडेलही, मी थांबेन. मित्रांनो, घरातलं कुणी म्हातारं माणूस "मला एकदा तिथं ने" म्हणालं, तर अमावास्या बघू नका, पाणी बघू नका. भीती वाटली तर भीती वाटते म्हणा, आणि भीत भीतच न्या. जयलक्ष्मीची चप्पल अजून माझ्या खुंटीखाली आहे, तळ्यावर जाताना घालायला म्हणून काढून ठेवलेली.