सतरा नंबरचं बोलणं

माझ्या टायपिंगमध्ये बोट ठेवायला जागा नसते. वीस वर्षं वकिलांच्या कचेरीत काढली, कुणी एक स्वल्पविराम बदलला नाही. म्हणून त्या पोरीनं माझा कागद वाचून "हे माझं बोलणं नाही" म्हटलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आमचं काम असं. अधूनमधून भास होणारी, उगाच संशय येणारी साठ तरुण मुलं दवाखान्यात येतात. त्यातल्या थोड्यांनाच पुढे सायकोसिस होतो, म्हणजे खरं काय नि भास काय हेच कळेनासं होतं. ती थोडी कोणती, हे आधी ओळखायचं. डॉक्टरीणबाई मुलांना बोलतं करतात, मी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते, मूल वाचून सही करतं आणि आकडेवाल्याचा, म्हणजे आमच्या संख्याशास्त्रवाल्याचा, कॉम्प्युटर त्या बोलण्यावरून धोक्याची यादी लावतो, जास्त धोका तो वर. दोन वर्षं ती यादी निव्वळ अंदाजपंचे निघत होती. आजारी पडलेली मुलं भलत्याच जागी सापडायची. सतरा नंबर, म्हणजे ही पोरगी, यादीत तळाशी होती. तिची ही शेवटची भेट. यानंतर तिच्याकडे कुणी बघणार नव्हतं.

"राहू द्या," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "आज सुटतेच आहे ती."

राहू द्या कसं? ती गेल्यावर मी हेडफोन चढवला. कागदावर होतं, 'मी बसमधून जाताना एक लाल पाटी पाहिली.' कानात आलं, "ती पाटी... मी बसमधून, म्हणजे आई म्हणते चष्मा लाव... पण लाल कशाला, माझ्याकडेच बघून लाल."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. पोरांची लाज राखावी म्हणून मी सगळ्यांचंच अडखळणं सरळ करत आले होते. आणि कॉम्प्युटरला तर नेमकं ते अडखळणं, ते भरकटणंच हवं होतं; आजाराची चाहूल त्यातच लागते.

आकडेवाल्याला सांगितलं तेव्हा वाटलं, आता हा खाईल मला. तो खुर्चीतून उठलाच. "साठही जणांचं इस्त्री करून दिलंत? मावशी, मग कॉम्प्युटर चुकत नाही, कागद चुकीचे आहेत. बसा, पहिल्यापासून टाइप करा."

चार आठवडे मी मान वर केली नाही. 'अं' तर 'अं', अर्धं वाक्य तर अर्धं. आजारी कोण पडलं हे त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, माझा हात कुणाकडे झुकायला नको म्हणून. पाचव्या आठवड्यात एका दुपारी यादी आली. तो वरच्या नंबरांवर बोट ठेवत गेला. "हा पडला आजारी. ही पडली. हा. हासुद्धा." आजवर आजारी पडलेली चौघंही सगळ्यात वर होती. मी आनंदानं त्याचे खांदेच धरले, डॉक्टरीणबाई दारातून हसत धावत आल्या.

"आणि ही पाचवी कोण?" मी विचारलं.

"सतरा," तो म्हणाला, अजून हसतच होता. मग त्याचं हसू ओसरलं. "तिला तर आपण सोडून दिलं."

मीच तिच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, "अहो, पण तुम्हीच तर म्हणालात ती बरी आहे."

"आमचं चुकलं," मी म्हटलं. "उद्याच घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पोरीनं नवा कागद दोनदा वाचला आणि लगेच सही केली. "मग मला होणार का ते?"

"होईलच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता दर आठवड्याला यायचं. सुरू झालंच, तर पहिल्या दिवसापासून आम्ही तुझ्यासोबत असू."

ती खुर्चीत सैल होऊन बसली. "दोन वर्षं मला वाटायचं, मी बोलते ते कुणीतरी मधेच बदलतंय. आईला सांगितलं की ती रडायची."

आईनं मान खाली घातली. मला राहवेना.

"बदलत होतं कुणीतरी, बाळा," मी म्हटलं. "मीच बदलत होते. ते तुझ्या डोक्यातलं नव्हतं."