नळाचा घाम

मंडळी, फोनवर कुणी ‘कसा आहेस?’ विचारलं, की ‘मजेत!’ असं ठोकून द्यायची सवय तुम्हाला आहे, मलाही आहे. ज्याची ही गोष्ट, त्या बांबूला तर ती जडलीच होती.

बांबू हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण उंचीच अशी, की वरून जाणारे ढग त्याला वळसा घालून जात. एकदा एक ढग वळायला विसरला, तर पोराला आठवडाभर सर्दी! खोटं वाटत असेल तर त्याच्या आईला विचारा. अशा उंचीचं दुसरं करणार काय? व्हॉलीबॉल! परदेशातल्या एका क्लबानं त्याला करार करून नेलं, तेव्हा शिंपीकाम करणाऱ्या त्याच्या बाबांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले.

पहिले दोन सामने तो खेळला. मग क्लबानं दुसरा एक फटकेबाज आणला आणि बांबू बाकावर गेला. तीन महिने झाले, बाक काही सुटला नाही. क्लबानं दिलेल्या खोलीत पलंग आखूड, म्हणून पाय स्टुलावर. खिडकीतून दिसायची समोरची भिंत. दिवसाकाठी त्याच्या तोंडून चार शब्द बाहेर पडत: नमस्कार, पाणी, हो, धन्यवाद. ज्या दिवशी पाणी कुणी न मागताच देई, त्या दिवशी तीनच.

पण रविवारी सामना संपला, की तो कपडे बदलायच्या खोलीत शिरे, नळाखाली डोकं धरी, जर्सी पुढून-मागून भिजवी आणि धापा टाकत घरी व्हिडिओ कॉल लावी.

“आत्ताच संपली मॅच, बाबा! अठरा फटके मारले!”

“वा रे पठ्ठ्या! घामानं निथळतोयस की!” बाबा छातीपर्यंत दिसत. मागे शिलाई मशीनची खटखट चालूच असे. “आम्हीही मजेत हं. कामाला उसंत नाही बघ.”

एका रविवारी मात्र बाबा म्हणाले, “अरे, पुढची मॅच फोनवर फुकट दिसणार आहे म्हणे! सगळ्या आळीला दुकानात बोलावलंय. पडदा लावून बघणार तुला!”

फोन ठेवला तेव्हा बांबूला खरोखरचा घाम फुटला होता. सगळी आळी बघणार, आणि हा बाकावर!

तेवढ्यात क्लबाचे कपडे धुणारी बाई टोपली घेऊन आत आली. तीही त्याच्यासारखीच आपल्या मुलखातून तिकडे गेलेली, आणि त्याचे रविवारचे फोन तिच्या कानावर पडत. तिनं बांबूनं काढून टाकलेली जर्सी उचलली, नाकाशी धरली आणि कपाळावर हात मारला.

“बांबू, वीस वर्षं मी खेळाडूंचे कपडे धुतेय. घाम कुठला आणि नळ कुठला, हे मला कळत नाही असं वाटलं तुला? तुझ्या जर्सीला साबण लावायची मलाच लाज वाटते!”

बांबूची मान खाली. “मावशी, घरच्यांना काळजी वाटेल म्हणून...”

“मग वाटू दे की! काळजी करणं हा त्यांचा हक्क आहे. तो काढून घेणारा तू कोण?”

“पण त्यांची मान खाली जाईल.”

ती टोपली ठेवून बाकावर बसली. “मी माझ्या आईला सांगायचे, मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे. ती आजारी पडली, वर्षभर अंथरुणाला खिळली, पण मला बोलावलं नाही. शेजारणीला म्हणायची, ‘एवढ्या मोठ्या कामाच्या बाईला कशाला त्रास?’ माझ्या थापेनंच तिला एकटीला मरू दिलं, लेका. जा, लाव फोन. आणि डोकं पूस आधी!”

बांबूनं डोकं पुसलं आणि फोन लावला. समोर बाबा, मागे तीच खटखट.

“बाबा, मी खेळत नाही. तीन महिने बाकावर आहे. तो घाम नळाचा होता. मला इथं... मला इथं अजिबात करमत नाही.”

मशीन एकदम थांबली. बांबूला वाटलं, संपलं सगळं!

मग बाबांनी घसा खाकरला. “आता तूही बघ.”

त्यांनी फोन खाली धरला. पाहतो तर काय! बाबांचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये! आणि मशीनखाली फतकल मारून बसलेल्या आईचे दोन्ही हात पायडलवर!

“तुझा फोटो भिंतीवर टांगायला स्टुलावर चढलो होतो,” बाबा ओशाळून म्हणाले. “झाले दोन महिने.”

“दर रविवारी मला खाली बसवतात!” आई उसळली. “कंबर गेली माझी! दोघेही एका माळेचे मणी!”

आधी बाबा हसले, मग बांबू. हसता हसता तो हमसून हमसून रडला, आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याला म्हणालं, “जेवलास का रे?”

पुढच्या रविवारीही तो बाकावरच होता. सामना संपल्यावर त्यानं कोरड्या जर्सीतच फोन लावला.

“चारदा दिसलास!” बाबा ओरडले. मागून सगळी आळी कालवा करत होती. “पाण्याची बाटली काय ऐटीत दिलीस रे त्या फटकेबाजाला!”

जर्सी त्यानं टोपलीत टाकली नाही. घडी घालून बाईच्या हाती दिली. ती म्हणाली, “आता कशी, धुवायची गरजच नाही!”

मंडळी, सुखाची बातमी शेजाऱ्यालाही सांगता येते. दुःख सांगायला मात्र आपलंच माणूस लागतं. त्यालाच ‘मजेत’ म्हणून दाराबाहेर उभं केलं, तर दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक एकटा माणूस उरतो. तेव्हा आज घरी फोन लावा आणि खरं काय ते सांगा. आणि पलीकडून मशीनची खटखट फारच जोरात ऐकू आली, तर म्हणा, “जरा फोन खाली धरा बघू!”