बोटांतल्या मुंग्या

अकरा वर्षं ती एका औषधाच्या कारखान्यात जीवाणू सांभाळत होती. तीन मजली टाकी, आत साखरेचं पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी अब्जावधी पोरं. ती त्यांना पोरंच म्हणायची. वेळेवर साखर द्यायची, हवा मोजून सोडायची. आठवडाभर खाऊनपिऊन ती पोरं अंगात बी-बारा जीवनसत्त्व तयार करत. मग ते गाळून, धुऊन त्याची लालभडक पूड निघे. "साधी साखर खाऊन एवढं करतात," ती घरी कौतुकानं सांगायची, "आपण खाल्ली की नुसती चरबी!"

बाबा हसायचे. ते घड्याळं दुरुस्त करत. सहा वर्षांपूर्वी त्यांचं जठर काढावं लागलं होतं. त्यातून ते छान सावरले, म्हणून पुन्हा कोणी दवाखान्याची पायरी चढलं नाही.

मग त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. चिमट्यातून स्क्रू निसटू लागले. "वय झालं, दुसरं काय," ते म्हणाले, आणि तिनंही मान डोलावली. पुढे पाय जमिनीवर टेकलाय की नाही, हेच त्यांना कळेना. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडायचे आणि कुठलं चाक कुठं बसतं ते विसरायचे. दुकान बंद पडलं, तेव्हा कुठं ती त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"जठर काढल्यावर जेवणातलं बी-बारा अंगी लागत नाही," रक्ताचा रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या. "दर महिन्याला इंजेक्शन हवं होतं. कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. तिच्याच हातातल्या फाइलमध्ये, जुन्या कागदाच्या शेवटच्या ओळीत. टाके कधी काढायचे तेवढं वाचून तिनं तो कागद मिटला होता.

"आता देऊ या ना? रोज देऊ या!"

"देऊच. पण नसा फार खराब झाल्यात. आहे तेवढं टिकलं तरी खूप."

सहा महिने इंजेक्शनं झाली. रक्तातला आकडा झकास आला. बाबा खुर्चीतून उठेनात.

एका दुपारी ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, चूक माझी आहे. कागदावर लिहिलं होतं, मी वाचलंच नाही."

"असू दे गं," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा बांध फुटला.

तिचं रडणं ओसरेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग वळून काळजीनं म्हणाले, "काय झालं? कोण बोललं तुला?"

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा माफ केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि तिसऱ्यांदा सांगायची ताकद तिच्यात उरली नव्हती.