चतकोर

उल्का केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला होती. दिवसभर कॉम्प्युटरवर गोल काढायचे आणि त्यांचे रंगीत तुकडे पाडायचे, हे तिचं काम. कुठला रंग कशाचा हे शेजारी लिहिलं नसेल, तर हाताखालच्यांवर ती भडकायची. एवढं सगळं कळणाऱ्या बाईने ऐन वेळी माती खाल्ली.

सासरे संपतराव फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. नवरा विश्वास सीमेवरच्या चौकीत, त्याचा फोन लागेना. दिल्लीच्या हॉस्पिटलात उल्का आणि साताऱ्याकडून आलेली सासू तानूबाई, दोघीच. ऑपरेशन करायचं की उरलेल्या दोन-चार महिन्यांसाठी त्यांना गावी न्यायचं, एवढंच ठरवायचं होतं. संपतरावांचा जीव गावाकडे लागलेला. तानूबाईचं म्हणणं सरळ होतं: जगायची आशा मोठी असेल तर चिरू द्या, नाहीतर त्यांना त्यांच्या अंगणात मरू दे.

डॉक्टर इंग्रजीत बोलले. उल्कानेच त्यांना चित्र काढायला सांगितलं, कारण ते आकडे सासूला तोंडाने सांगायचा तिला धीर नव्हता. डॉक्टरांनी गोल काढला, त्याचे चार भाग केले, एक भाग पेनाने गिरवून काळा केला. ऑपरेशननंतर एवढेच वाचतात, असं इंग्रजीत म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

तानूबाईने काळ्या भागावर बोट ठेवलं. "म्हंजी चतकोरच जातंय व्हय गं?"

दिल्लीत वाढलेल्या उल्काने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिला ऐकू आलं चौकोर, म्हणजे हिंदीतलं चौकोनी. गोलाला ही चौकोनी कशाला म्हणतेय, तिला कळेना. विचारावं, तर सासू तिच्या दिल्लीच्या मराठीची येता-जाता टिंगल करायची. आणि चित्र तर समोर होतं, त्यात न कळण्यासारखं काय होतं?

"हो आई," ती म्हणाली.

तानूबाईचा चेहरा एकदम उजळला. तिने लगेच ऑपरेशनच्या कागदावर सही केली. बाईचं काळीज मोठं आहे, असं उल्काला वाटलं.

संपतरावांना आत नेल्यावर तानूबाईने डबा उघडला. उल्काला घास जाईना. "चतकोर तरी खा," म्हणत सासूने भाकरीचे चार तुकडे केले आणि एक तिच्या हातावर ठेवला. उल्का तुकड्याकडे बघत राहिली. कागदावरचा काळा भाग एवढाच होता, आणि सासू तो मरणाऱ्यांचा समजली होती. ती थिएटरच्या दाराकडे धावली. कवटी उघडली आहे, आता आत जाता येणार नाही, असं नर्सने सांगितलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

विश्वासचा फोन लागला तेव्हा तानूबाईने कसंबसं रडू आवरलं. वडिलांना गावी का नेलं नाही, हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मी इचारूनच हो म्हनलं रं," ती म्हणाली, आणि तिने फोन सुनेच्या हातात दिला. "तूच सांग. तू शिकल्याली."

डॉक्टर काय म्हणाले होते, यात किती लोक दगावतात, विश्वासने विचारलं. तानूबाई सुनेच्या तोंडाकडे बघत होती. त्या उत्तरावरच तिला आता उरलेलं आयुष्य काढायचं होतं.

"चतकोर," उल्का म्हणाली.