स्थानिक नाव

सेरोपेजिया म्हणजे मेणाचं कारंजं. ज्या गोऱ्या साहेबानं हे नाव ठेवलं त्याच्या घरी कारंजं असावं. आमच्या अमडापुराकडे हे फूल पाहिलं की कुणालाही रॉकेलची चिमणी आठवते: खाली फुगीर, मधे निमुळतं, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. म्हणून निंदणाऱ्या बाया त्याला चिमणकंद म्हणतात. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हा वेल त्या उपटत नाहीत. भादव्यात कंद काढतात, मोठा घेतात, बारका परत मातीत ठेवतात. कंद कडू असतो, तीन पाणी उकळून फेकल्याशिवाय तोंडात धरवत नाही. हे सगळं मला माझ्या आईनं, पंचफुलानं शिकवलं. विद्यापीठानं फक्त त्याचं इंग्रजी करून दिलं.

मी पीएच.डी. करत होते. आईनं खणून दिलेला वेल मी माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवला. तीन महिने पुस्तकं चाळून सर म्हणाले, याची नोंद जगात कुठेच नाही. आनंदाच्या भरात ते आमच्या घरी आले, चहा प्याले आणि त्यांनी आईला नावाचं शास्त्र समजावलं. नाव दोन शब्दांचं, तिरक्या अक्षरात छापायचं. पहिला शब्द कुळाचा, आडनावासारखा. दुसरा त्या झाडाचा स्वतःचा, तिथे माणसाचंही नाव देता येतं, आणि एकदा छापलं की सरकारलासुद्धा बदलता येत नाही.

"तुमचंच देऊ, पंचफुलाबाई," सर म्हणाले. "सेरोपेजिया पंचफुलाए. पाकळ्याही पाचच आहेत."

आईचं नाव तोवर रेशनकार्डावर होतं आणि मतदार यादीत, तिथेही चुकलेलं. तिनं ते दोन शब्द माझ्याकडून रोज म्हणवून घेऊन पाठ केले. विहारात वंदनेनंतर सगळ्यांना म्हणून दाखवले. शेजारच्या सिंधूताईनं तिला चिडवलं की आता तुझ्यावर शेळ्या चरतील. आई कितीतरी दिवस ते आठवून हसायची.

पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडे चोर बीटी पसरलं. तणनाशक मारलं तरी न जळणारी, बेकायदा बियाण्याची कपाशी ती. निंदण संपलं आणि निंदणाऱ्या बायाही घरी बसल्या. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस धुराही सोडत नाही, त्यामुळे चिमणकंद जळाला. आईनं वेळीच एक वेल उपटून अंगणातल्या फुटक्या घमेल्यात लावला होता, तेवढाच उरला.

इकडे माणिकरावांच्या बियाणे कंपनीनं कॉलेजला नवी प्रयोगशाळा बांधून दिली. फुलाला माणिकरावांचं नाव द्यायचं ठरलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की नाव म्हणजे नुसता उपचार असतो, शोधाच्या लेखावर तुझं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे, ते बघ. मी ते बघितलं आणि मान हलवली. कुणी माझा गळा धरला नव्हता.

लेखात 'स्थानिक नाव आणि उपयोग' असा एक रकाना होता. लोक हे झाड ओळखतात, खातात असं लिहिलं तर शोध आपला कसा, आणि गावाच्या जैवविविधता समितीची परवानगी कोण आणत बसणार, असं सरांचं म्हणणं पडलं. तिथे 'आढळले नाही' हे मी माझ्या हातानं टाइप केलं.

लेख छापून आल्यावर मी आईला काही सांगितलं नाही. दोन महिन्यांनी सरच घरी आले. प्रयोगशाळेच्या उद्‌घाटनात माणिकरावांना जिवंत वेलासोबत फोटो हवा होता आणि धुऱ्यावर वेल नव्हता. आईनं त्यांना खुर्ची दिली आणि नाव छापलं का, हे विचारलं. सर माझ्याकडे बघू लागले.

"माणिकरावच्या नावानं छापलं, माय," मी म्हटलं. "मी हो म्हणली होती."

आईनं घमेल्यातल्या वेलाकडे बोट केलं.

"त्यायनं पाह्यलं का कधी हे फूल?"

"नाही."

"आता बदलत नाही ना ते?"

"नाही."

तिनं खुरपं आणलं आणि घमेल्यातली माती सैल केली. दोन कंद निघाले. मोठा, वेलासकट, तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून सरांच्या हातात दिला आणि बारका सवयीनं परत मातीत ठेवला. एखादा जगला नाही तर, दोन्ही असलेले बरे, असं सर म्हणाले. आईनं तोही काढून दिला. मला ओरडावंसं वाटलं, पण लेखावरचं दुसरं नाव माझं होतं.

सरांची गाडी गेल्यावर ती रिकाम्या घमेल्याशी बसून राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते. तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"माहं नाव नाही तं नाही," ती म्हणाली. "आपलं चिमणकंद तं लिवलं ना तुनं त्यात?"

"हाव, माय," मी म्हटलं. "सगळ्यात आधी तेच लिवलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.