जावयाचं ताट

बाटली फुटल्याचा आवाज आला तेव्हा मावशी बारच्या स्वयंपाकघरात रश्श्यात मीठ टाकत होती. मूठ तशीच पातेल्यावर थांबली. बाहेर खुर्च्या सरकल्या, कोणीतरी "अरे सोड, सोड त्याला!" म्हणून ओरडलं, आणि मग मावशीला झोपेतसुद्धा ओळखता आला असता असा आवाज आला. माणसाच्या तोंडावर मूठ बसल्याचा.

कोण मारतोय हे बघायला ती डोकावली नाही. तिला ठाऊक होतं. तिने मोठं ताट ओढलं आणि भरायला घेतलं. भाताचा ढीग, त्यावर मटण, कडेला तळलेले मासे, दोन उकडलेली अंडी, लोणी लावलेले पाव. ताट दोन्ही हातांनी उचलावं लागलं, इतकं जड झालं.

बाहेर टेम्पोवाला टेबलावर उताणा पडला होता आणि मावशीचा जावई त्याच्या छातीवर गुडघा रोवून त्याला ठोकत होता. टेम्पोवाल्याचा ओठ फाटला होता, दात रक्ताने माखले होते. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की आत येताना तो म्हणाला होता, "जरा खुर्ची पुढे घ्या की राव."

"जावईबापू," मावशी म्हणाली, "ताट आलंय."

वर गेलेली मूठ जागच्या जागी थांबली. सगळा बार त्या मुठीकडे बघत होता.

इथला मालक तसा मऊ माणूस, पण त्याचा एक कायदा मात्र भल्याभल्यांना पाठ होता. टेबलावर भरलं ताट आलं की हात खाली. ताट आल्यावरही जो मारामारी करेल, त्याने पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही. पिऊन तर्र झालेले लोकसुद्धा हा कायदा पाळायचे, कारण दारू कुठेही मिळते, असं ताट दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. एका ताटात दोन धट्टेकट्टे गडी जेवावेत आणि तरी उरावं!

जावई खाली उतरला. हात पँटला पुसले, खुर्ची सरळ केली आणि काही झालंच नाही अशा थाटात जेवायला बसला.

"मावशी, तुमच्या जावयाशी बोलायचं तर आधी ताट मागवून ठेवायला पाहिजे," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. टेम्पोवालाही फाटक्या ओठाने हसला. न हसून करतो काय?

मावशी आत वळली. मनातून तिला बरं वाटत होतं. चला, आजची वाफ इथेच निघाली. वर एवढं जेवण पोटात गेलं की गडी घरी जाऊन आडवा होणार, आणि पोरीचा आजचा दिवस सुखाचा जाणार.

त्या ताटाची खरी गोष्ट मालकालाही माहीत नव्हती. मावशीचा नवरा लोहार होता. हातही तसाच. लग्नाच्या पहिल्या वर्षात तिच्या दोन बरगड्या गेल्या. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं की हा माणूस पोटभर जेवला की तिथेच कलंडतो आणि घोरायला लागतो. तेव्हापासून ती त्याला वाढत सुटली. स्वतः अर्धपोटी राहिली, पण त्याचं पान रिकामं दिसू दिलं नाही. पोट भरलं की हात जड होतो, हे तिने स्वतःच्या अंगावर वळ सोसून मिळवलेलं शहाणपण होतं, आणि आईने लेकीला द्यावं तसं तिने ते लेकीलाही दिलं. लग्न करून निघालेल्या पोरीच्या कानात ती म्हणाली होती, "तो दारात आला की आधी ताट, मग बोलणं."

जावई लाकडाच्या वखारीत कामाला. पाळी दुपारी सुटायची. पोरीचा डोळा पहिल्यांदा काळानिळा दिसला, तेव्हा मावशीने जावयाला बारमध्ये जेवायला बोलावलं. घरचाच माणूस म्हणून ताटावर ताट रचलं. बाकीची गिऱ्हाइकं काय डोळे मिटून बसली होती? "जावई तेवढा तुपाशी आणि आम्ही काय उपाशी?" अशी कुरबुर सुरू झाली. मालकाला वाटलं, मावशीचा हातच सढळ. त्याने सगळ्यांनाच तसं वाढायला लावलं, आणि बार चालायला लागला. लोक लांबून यायचे, ताट बघून तोंडात बोटं घालायचे, आणि "मावशी, माया आहे हो तुमच्या हाताला" म्हणायचे. माया कसली! भीती होती ती, चमच्याचमच्याने वाढलेली.

ती पातेल्याशी आली तर मागच्या दारात मुलगी उभी.

डावा हात तिने उजव्या हातात धरला होता, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. मनगटाच्या वर, जिथे सांधा नसतो तिथे, तो हात वाकला होता. कानाखाली सुकलेलं रक्त होतं आणि एक डोळा मिटलेला.

"अगं बाई!" मावशीच्या तोंडून निघालं. "काय झालं हे?"

एरवी पोर म्हणायची, दाराला लागलं, मोरीत घसरले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेही तिला आईनेच शिकवलेलं. आज ती म्हणाली, "काल त्याने मोडला."

"हळू बोल! बाहेर बसलाय तो. जेवतोय."

"माहितेय."

"ये, आत ये. बस त्या पोत्यावर." मावशीने दार लोटून घेतलं. तिचं डोकं सवयीने भराभर चालायला लागलं होतं. "त्याचं जेवण होऊ दे. आज मी दणकून वाढलंय. घरी जाऊन पडेल तो. एकदा घोरायला लागला की आपण दवाखान्यात जाऊ. पाणी पितेस?"

मुलगी पोत्यावर बसली. रडत नव्हती. रडली असती तर मावशीला कळलं असतं काय करायचं ते.

"आई, काल काय कमी वाढलं होतंस?"

"म्हणजे?"

"काल पण तो इथूनच जेवून आला. रोज इथूनच येतो. येतो, झोपतो, आणि दिवे लागायच्या सुमाराला ताजातवाना होऊन उठतो. मग सुरू होतो. उपाशी असता तर मारता मारता मधेच दमला तरी असता गं."

मावशीने भरलेला पाण्याचा पेला खाली ठेवला. "असं कसं? अगं, तुझे बाबासुद्धा एकदा जेवले की..."

"बाबा जेवून शांत होत नव्हते. मी लहान होते, आंधळी नव्हते. बाबा लुळे पडले तेव्हा शांत झाले."

पातेलं खदखदत होतं. मावशीला गॅस बंद करायचं सुचेना. तिला आठवत होतं, आणि आठवणं थांबवता येत नव्हतं. जेवून झोपलेला नवरा उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, आणि ती भांडी घासत असताना पाठीत लाथ बसायची. तसे कितीतरी दिवस होते. तिने ते कधी धरलेच नव्हते. तो झोपला ते दिवस तेवढे तिने आपल्या शहाणपणाच्या खात्यात घातले, बाकीचे नशिबाच्या. आणि हा शहाणपणाचा दागिना तिने पोरीच्या पदरात घातला होता! तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने तोंडावर हात धरला.

"मग मला सांगितलं का नाहीस?" ती कशीबशी म्हणाली.

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, बरं, उद्यापासून जास्त वाढते."

बाहेरून पावलं वाजली.

"सासूबाई, रस्सा संपला की काय?" म्हणत जावई आत आला. एका हातात वाटी, ओठ तेलाने चकाकत होते. बायको दिसली तशी त्याने वाटी शांतपणे ओट्यावर ठेवली. त्याची ही शांतता मावशीने पहिल्यांदाच बघितली. पोरीने मात्र बघितलेली असणार, कारण ती पोत्यावरून उठून भिंतीला चिकटली.

"घरात बस म्हणून सांगितलं होतं ना?"

"जावईबापू, तिचा हात..."

"तुम्ही मधे पडू नका." तो पुढे झाला आणि त्याने बायकोचा मोडका हातच धरला. ती जी किंचाळली त्याने बाहेरचा गलका एकदम थांबला. मालक दारात आला, त्याच्या मागे दोनचार चेहरे. कोणी आत पाऊल टाकलं नाही. घरचा मामला! आपण कशाला मधे पडायचं?

"मालक!" मावशी ओरडली. "बघता काय? सोडवा तिला!"

"अहो, समजुतीने घ्या जरा," मालक जावयाला म्हणाला. दारातूनच म्हणाला.

मावशीने रश्श्याचा डाव उचलला आणि जावयाच्या पाठीत घातला. त्याने मागे न बघता कोपर मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ती फडताळावर आदळली, भांडी धडाधड खाली आली, आणि तोंडात दाताचा तुकडा आणि रक्ताची चव आली. ती चव ओळखीची होती. इतक्या वर्षांनी आली तरी ओळखीची होती.

पोरीने चांगल्या हाताने ओट्याची कड पकडली होती. जावयाने तिच्या केसांना हिसडा दिला, तिचं डोकं ओट्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, तरी तिची बोटं सुटेनात. तेव्हा त्याने जोर लावायला उजवा पंजा ओट्यावर टेकवला, शेगडीच्या शेजारी, आणि डाव्या हाताने तिला ओढायला लागला.

मावशी उठली. डाव अजून तिच्या हातात होता. तिने तो उकळत्या पातेल्यात खालपर्यंत घातला, काठोकाठ भरून वर काढला आणि त्या पंज्यावर ओतला.

त्याची किंकाळी माणसाची वाटेना. केस सुटले. तो हात छातीशी धरून गोल फिरला, भिंतीवर आपटला, गुडघ्यांवर आला. हाताच्या पाठीवरची कातडी सरकली होती. दारातले चेहरे मागे हटले, कोणीतरी "पोलिसांना बोलवा, पोलिसांना!" म्हणायला लागलं. आता बरे सगळ्यांना पोलीस आठवले.

मावशीने डाव खाली ठेवला. गॅस बंद केला. आणि वळून बघते तर काय, मुलगी जमिनीवरून उठली होती आणि नवऱ्याला उठवत होती.

"उठा, पाण्याखाली धरा, उठा ना," ती म्हणत होती. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. मोडका हात पोटाशी धरून तिने चांगल्या हाताने त्याला मोरीपर्यंत ओढत नेलं, नळ सोडला आणि त्याचं मनगट पाण्याखाली धरलं. "थांबेल हं आग. थांबेल. जरा धीर धरा."

तो तिला शिव्या देत होता. दात खाऊन म्हणत होता, घरी चल, तुला सोडत नाही, तुझ्या आईलाही सोडत नाही. आणि ती त्याच्या हातावर पाणी घेत होती, फुंकर घालत होती.

मावशीचं काळीज तुटलं. मार बघून तुटलं नव्हतं इतकं हे बघून तुटलं. तिला राग आला तो पोरीचा नाही, त्याचाही नाही, स्वतःचा. हे असं पाणी घालणं कोणी शिकवलं पोरीला? कोणाच्या घरात बघितलं तिने ते?

ती मोरीपाशी गेली. "सोड," ती म्हणाली.

"आई, भाजलंय खूप. पाणी काढलं तर..."

"मी धरते. तू सोड." तिने मुलीची बोटं एकेक करून त्या मनगटावरून सोडवली आणि तिथे आपली घट्ट आवळली. मग दाराकडे न बघता आवाज दिला, "टेम्पोवाले दादा, आहात का?"

"आहे मावशी." फाटक्या ओठाचा तो माणूस मालकाला बाजूला सारून आत आला. या सगळ्या गर्दीत तो एकटाच आत आला.

"हिला दवाखान्यात पोचवा. हात बांधून झाला की हिच्या मामाकडे. घरी नाही. कपडे आणायलासुद्धा घरी नाही."

"आणि तू?" मुलीने विचारलं.

"पोलीस येतील ना. त्यांना कोणीतरी भेटायला हवं." मावशीच्या तुटक्या दातातून शब्द फसफसत होते. "जा बाळा. मी आहे याच्याजवळ."

मुलगी हलेना. टेम्पोवाल्याने तिच्या खांद्याला हातही लावला नाही, नुसतं म्हणाला, "चल ताई." मग ती निघाली. दारात तिने एकदा मागे वळून बघितलं, आईकडे की नळाकडे ते मावशीला कळलं नाही.

जावयाने हात हिसकायचा प्रयत्न केला. मावशीने कंबर मोरीला टेकवली, दोन्ही हातांनी ते मनगट दाबून धरलं.

"सोड मला, थेरडे!"

"हलू नकोस," ती म्हणाली. "आग होईल."

बाहेर टेम्पो सुरू झाला. थोडा वेळ तो जागेवरच गुरगुरला, मग गिअर पडला, मग तो रस्त्याला लागला. मावशी कान देऊन ऐकत होती. आवाज ऐकू येईनासा झाला तरी तिने नळ बंद केला नाही, आणि हातही सोडला नाही.